बंद दारामागची पाऊणकी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. उन्हाळ्याची सुट्टी आहे. दुपारची वेळ आहे. तुम्ही एका बंद दाराबाहेर उभे आहात. दाराच्या आत तुमचं सगळ्यांत लाडकं माणूस आहे, आणि त्याच्याजवळ दुसरंच कुणीतरी बसलेलं आहे. दोघांचे आवाज एकात एक मिसळून बाहेर येताहेत. तुम्हाला आत बोलावलेलं नाही. उलट, "जरा गच्चीवर जाऊन ये," असं सांगून तुम्हाला बाहेर काढलेलं आहे. आता छातीवर हात ठेवून पाहा. आत काहीतरी चरचरतंय ना? जुईलीच्या छातीत तेच चरचरत होतं.

जुईली अमरावतीची. यंदा सहावी पास झालेली. तिची आई अमरावतीला बँकेत नोकरी करायची, म्हणून दर उन्हाळ्यात जुईलीची रवानगी अकोल्याला, आजोबांकडे व्हायची. आजोबा म्हणजे बापूसाहेब. जन्मभर कोर्टात वकिली केलेले, आता घरी बसलेले, आणि कानाने जरा कमी ऐकू येणारे. पण जुईली काही आजोबांसाठी अकोल्याला यायची नाही. ती यायची मावशीसाठी.

मावशीचं नाव चारुशीला. तिने लग्न केलं नव्हतं. अकोल्यातल्या एका मराठी शाळेत ती गणित शिकवायची आणि सगळं गाव तिला 'बाई' म्हणायचं. जुईलीला मात्र ती एकट्या जुईलीची वाटायची. दर सुट्टीत दोघी एकाच पलंगावर झोपायच्या. आंबा खाताना कोय जुईलीला मिळायची. मावशीच्या डाव्या कुशीतली जागा ही जुईलीचीच, असा जणू कायदाच होता.

यंदा तो कायदा मोडला.

मावशीला कर्करोग झाला होता. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले, सगळ्यांना वाटलं सुटलो. मग तो आजार पाठीच्या मणक्यांत उतरला. जुईलीला आईने एवढंच सांगितलं होतं, "मावशी आता पडूनच असते. तिला त्रास देऊ नको." त्रास देऊ नको म्हणजे काय, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी जुईली रिक्षातून उतरली ती धावत आत गेली आणि नेहमीसारखी मावशीच्या अंगावर झेपावली. मावशीने तिला दोन्ही हातांनी अडवलं. पुष्कळ जोरात अडवलं. मग डोळे मिटून घेतले, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "हळू, जुई. मोठी झाली ना आता?" आणि लगेच बापूसाहेबांना म्हणाली, "हिची गादी मधल्या खोलीत घाला."

मधल्या खोलीत. कुशीत नाही, पलंगावर नाही, त्या खोलीतही नाही. जुईलीने ती गोष्ट मनात गाठ मारून ठेवली.

आणि मग आली लुबना.

लुबना समोरच्या घरातली. तिचे वडील ताहेरभाई गाद्या-रजया भरायचे. ती जुईलीहून वर्षाने मोठी, अंगाने काटकुळी, आणि मावशीच्या वर्गातली. रोज जेवणं आटोपली की ती फाटक उघडून यायची, पायातल्या चपला दाराशी नीट जोडून ठेवायची आणि सरळ मावशीच्या खोलीत जायची. कुणाला विचारायची नाही. तिच्या मागोमाग मावशी म्हणायची, "जुई, जरा गच्चीवर जा बरं. स्वयंपाकाच्या गोदाबाईने कुरडया वाळत घातल्यात, चिमण्या येतील."

कुरडया कधीच वाळून कडक झाल्या होत्या. चिमण्यांना त्यांचं काही पडलेलं नव्हतं. अकोल्याच्या त्या उन्हात चिमण्याही सावलीला बसून होत्या. जुईली जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची आणि दोन-तीन मिनिटांनी दबक्या पावलांनी खाली येऊन बंद दाराला कान लावायची.

आतून आवाज यायचा.

"एक पाऊण पाऊण. दोन पाऊण दीड. तीन पाऊण सव्वादोन. चार पाऊण तीन."

एक आवाज लुबनाचा, सरळ, संथ. दुसरा मावशीचा, जरा घोगरा, जरा दाबलेला. दोघी एका तालात म्हणायच्या. कधी पटापट, कधी एकेक शब्द उचलून. वीसपर्यंत गेल्या की पुन्हा एकपासून.

जुईलीच्या इंग्रजी शाळेत हे पाढे नव्हते. पण तिला एवढं समजलं की ही काहीतरी जुनी, अवघड, खास विद्या आहे, आणि मावशी ती लुबनाला दार लावून शिकवते आहे. तिला नाही. सख्ख्या भाचीला कुरडया, आणि शेजारच्या पोरीला विद्या.

एकदा तिने लुबनाला फाटकाशी गाठलं.

"रोज काय शिकवते गं तुला मावशी?"

"काई नाई. बसतो आमी."

"मी ऐकलंय. पाढे म्हणता तुम्ही."

लुबनाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पाऊणकी म्हनतो," ती म्हणाली. "तुमच्या शाळेत नसते ना."

"आमच्या शाळेत कॅल्क्युलेटर असतो."

"मंग तुले काहून पाह्यजे पाऊणकी?" असं म्हणून लुबना हसली. साधीच हसली, पण जुईलीला ते टोचलं. रात्री झोपेपर्यंत टोचत राहिलं.

मंगळवारी माणिकबाई सिस्टर आल्या. दुखण्यावरच्या इलाजासाठी एक दवाखाना होता, त्याच्याकडून त्या घरोघरी जाऊन रोग्यांना बघायच्या. मावशीजवळ त्या बराच वेळ होत्या, अर्थात दार लावून. निघताना बाहेरच्या खोलीत बापूसाहेबांना जरा मोठ्याने म्हणाल्या, "बापूसाहेब, ती समोरची पोरगी मोठी गुणाची आहे. तिच्याएवढी मदत बाईंना कुणाचीच होत नाही. तिचं येणं बंद करू नका."

"नाही, नाही," बापूसाहेब म्हणाले. "तिच्यावाचून दुपार निघत नाही."

जुईली तिथेच पाणी घेऊन उभी होती. पेला तिच्या हातात होता, पण कुणी घेतला नाही. ती तशीच आत गेली आणि पाणी तुळशीत ओतून आली.

मत्सर मोठा कामसू असतो, मुलांनो. आळशी पोराला तो अभ्यासाला बसवतो. त्याच संध्याकाळी जुईली बापूसाहेबांपुढे जाऊन बसली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "बापू, मला पाऊणकी शिकवा."

बापूसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणून राहिली? पाऊणकी? कॅल्क्युलेटरवाल्यांची पोरं पाऊणकी कधीपासून शिकायला लागली?"

"शिकवा ना."

बापूसाहेब खूश झाले. ताटातली पोळी त्यांनी उचलली आणि तिचे चार सारखे तुकडे केले. एक तुकडा बाजूला सारला. "हे तीन उरले. ही झाली पाऊण पोळी. आता तुझ्या घरी तीन पाहुणे आले. प्रत्येकाला पाऊण-पाऊण पोळी वाढली. किती पोळ्या लागल्या?"

जुईलीने बोटांवर मोजलं. "नऊ तुकडे."

"नऊ तुकड्यांच्या पोळ्या किती?"

"दोन. आणि एक तुकडा."

"म्हणजे सव्वादोन. तीन पाऊण सव्वादोन. पाठ करायच्या आधी एकदा पोळी मोडून पाहायची, मग ते डोक्यातून जात नाही. तुझ्या मावशीला मी असंच शिकवलं. चार वर्षांची होती. पोळ्या संपायच्या, तिचे प्रश्न संपायचे नाहीत."

"मावशी चुकायची का?"

"पाऊणकीत? चारू?" बापूसाहेब हसले. "झोपेतून उठवून विचार. तिची चूक अजून कुणी काढलेली नाही."

जुईली शिकली. तुकडे मोडून शिकली, अंघोळ करताना म्हणत राहिली, जिन्याच्या पायऱ्या चढता-उतरता म्हणत राहिली. पुढच्या सोमवारपर्यंत तिला बारापर्यंत पाऊणकी पाठ झाली. बारा पाऊण नऊ. त्याच्यापुढे जीभ अडखळायची. पण बारा पुष्कळ झाले, असं तिने ठरवलं. आता फक्त लुबनाची जागा रिकामी व्हायला हवी होती.

ती रिकामी होत नव्हती, म्हणून जुईलीने ती रिकामी केली.

सोमवारी दुपारी ती आधीच फाटकाशी जाऊन उभी राहिली. लुबना आली. हातात ताटलीवर फडकं, फडक्याखाली खरबुजाच्या फोडी.

"आज आत येऊ नको," जुईली म्हणाली. "मावशीने सांगितलंय."

"बाईंनी?"

"हो. तिला कंटाळा आलाय. रोज-रोज तेच. आता मी आहे ना इथे."

उन्हाने लुबनाचे डोळे बारीक झाले होते, की दुसऱ्या कशाने, ते जुईलीने पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं. मग लुबनाने ताटली पुढे केली.

"हे बाईले देजो. अन् आयक, कूस बदलाच्या आधी नं, त्याईले..."

"मला माहीत आहे सगळं."

"सगळं?"

"सगळं. तू जा."

लुबना गेली. फाटक तिने हळूच लावलं, आवाज होऊ दिला नाही. जुईली ताटली घेऊन आत आली तेव्हा तिला असं हलकं वाटत होतं, जसं परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन बाहेर आल्यावर वाटतं.

बाहेरच्या खोलीत बापूसाहेब झोपले होते. दुपारी ते कानातलं यंत्र काढून ठेवायचे. शिवाय डोक्याशी कूलर घरघरत होता. मावशीच्या खोलीत दुसरा कूलर, त्याच्या वाळ्याचा ओला वास. मावशी उजव्या कुशीवर होती. पाठीशी दोन उशा, गुडघ्यांच्या मध्ये एक.

"लुबना नाही आली?"

"तिला घरी काम आहे."

मावशीने दाराकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. "बरं. मग तू गच्चीवर..."

"मी नाही जाणार," जुईली म्हणाली, आणि लुबनाचं स्टूल पलंगाच्या डोक्याशी ओढून त्यावर बसली. "मला पाऊणकी येते."

"तुला?"

"म्हणून दाखवू?"

मावशीचा चेहरा असा उजळला, की जुईलीला वाटलं, इतके दिवस उगाच वाया घालवले. ती ताठ बसली आणि तिने सुरुवात केली. एक पाऊण पाऊणपासून बारा पाऊण नऊपर्यंत, न थांबता, न चुकता.

"अगं, कुणी शिकवलं?"

"बापूंनी. पोळी मोडून."

"आणि मोडलेल्या पोळ्या कुणी खाल्ल्या?"

"बापूंनीच. गोदाबाई म्हणाली, साहेबांची भूक एकदम कशी वाढली."

मावशी हसली. अगदी पोटातून, पूर्वीसारखी हसली. हसता हसता तिला ठसका लागला. ठसका थांबला आणि मावशी एकदम गप्प झाली. तिने डावा अंगठा मुठीत दाबून धरला.

"पुन्हा म्हणू या," ती म्हणाली. "दोघी मिळून."

मुलांनो, जुईलीच्या मनात त्या क्षणी काय झालं असेल? अखेर मावशीने तिला बोलावलं होतं. दोघी मिळून, असं म्हणाली होती. आता बंद दाराआड ती होती आणि लुबना बाहेर. जुईलीने गळा मोकळा केला.

"एक पाऊण पाऊण. दोन पाऊण दीड. तीन पाऊण सव्वादोन."

मावशी बरोबर म्हणत होती. पण आवाज तालात पडत नव्हता. मधेच मागे राहायचा, मधेच घाईने पुढे जायचा.

"सहा पाऊण साडेचार. सात पाऊण..."

"सहा," मावशी म्हणाली.

"सव्वापाच, मावशी."

"हं. सव्वापाच. आठ पाऊण... आठ..."

"सहा. मावशी, तू चुकतेस." जुईलीला हसू आलं. जिची चूक कुणी काढली नाही, तिची चूक तिने काढली होती, तीही दोनदा. लुबनाला हे सांगायला हवं. "परत घे. आठ पाऊण सहा. नऊ पाऊण?"

मावशीने उत्तर दिलं नाही.

"नऊ पाऊण किती, मावशी? सोपं आहे."

"तू म्हण," मावशी म्हणाली. ओठ जवळजवळ न हलवता. "थांबू नको. तू म्हणत राहा."

तेव्हा जुईलीने पहिल्यांदा नीट पाहिलं. कूलरचा गार झोत मावशीच्या तोंडावर होता, तरी तिच्या ओठांवर घामाचे थेंब उभे होते. मूठ इतकी आवळलेली, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. दुसऱ्या हाताने तिने पलंगाची कड धरली होती. डोळे उघडे होते, पण ते जुईलीला बघत नव्हते. हे डोळे जुईलीने आधी एकदा पाहिले होते. पहिल्या दिवशी, झेप घेतली तेव्हा. तेव्हा ते लगेच मिटले गेले होते, म्हणून तिला वाटलं होतं की मावशी रागावली.

झोपेतून उठवलं तरी जिची पाऊणकी चुकत नाही, ती आता चुकत होती. हा पाढा शिकवण्यासाठी नव्हताच.

"मावशी, दुखतंय का?"

"नाही गं. म्हण तू."

"खूप दुखतंय?"

"जुई, जा तू गच्चीवर," मावशी म्हणाली, आणि ते शब्द अर्धेच बाहेर आले.

जुईली उठली. स्टूल कलंडलं. ती बाहेरच्या खोलीत धावली आणि बापूसाहेबांचा खांदा धरून गदागदा हलवला. ते दचकून उठले, यंत्र चाचपडत कानात घातलं.

"मावशी," जुईली म्हणाली. "मावशीला होतंय काहीतरी. ती पाऊणकी चुकतेय."

एवढंच ऐकून बापूसाहेबांना सगळं समजलं. त्यांनी एक शब्द विचारला नाही. कपाटाची किल्ली जानव्याला बांधलेली होती, ती काढली, कपाट उघडून एक छोटी गोळी घेतली. पेल्यात पाणी घेताना मात्र ते म्हणाले, "लुबना कुठे आहे? ती काहून नाही आली मला उठवायला? इतकं चढेपर्यंत काय करून राहिली ती?"

जुईलीने चमचा आणून दिला.

बापूसाहेबांनी मावशीचं डोकं उशीवरून हलू न देता गोळी तिच्या जिभेवर ठेवली, चमच्याने पाणी पाजलं. मग बाहेर येऊन माणिकबाईंना फोन लावला आणि स्वतःला नीट ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. माणिकबाईंचा आवाज खोलीभर पसरला.

"गोळी दिली ना? बरं केलं. आता लगेच उतरणार नाही, थोडा वेळ लागेल. तोवर हलवू नका, कूस बदलू नका, पाय चेपू नका. जवळ कुणीतरी बसा. उतरलं नाही तर परत फोन करा, मी गावातच आहे. आणि साहेब, आज इतका उशीर कसा झाला? मी सांगितलं होतं ना, रोजच्या गोळ्या रोजच्या वेळेला, पण मधे असं उसळलं की पहिल्या कळेलाच ही जास्तीची द्यायची. अंगभर चढल्यावर दिली की उतरायला वेळ लागतो. आणि लुबनाला सांगितलंय मी, तीनच्या सुमारास कूस बदलायची असते, तर त्याच्या आधी गोळीची आठवण करून द्यायची. ती विसरली का?"

"ती आलीच नाही आज," बापूसाहेब म्हणाले.

"आली नाही? ती न येणारी नाही."

फोन बंद झाला. बापूसाहेब खुर्चीत बसले.

"बापू, तुम्ही बसा ना मावशीजवळ."

"मला नाही जमत," ते म्हणाले. त्यांनी जुईलीकडे पाहिलं नाही. "बाप आहे ना मी. ती तशी पडलेली दिसली की माझा आवाज फुटत नाही. आणि मग ती माझ्यासाठी दुखत नाही म्हणते. गोळीसुद्धा घेत नाही. घंटा ठेवली होती उशाशी, एकदाही वाजवली नाही तिने. लुबनापुढे मात्र ती लपवत नाही. अंगठा मुठीत गेला की त्या पोरीला समजतं. ती येऊन मला हलवते, मी गोळी देतो, आणि गोळी चढेपर्यंत त्या दोघी पाऊणकी म्हणतात. दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, सोपी पडते चारूला, मन दुसरीकडे जातं. पाऊणकीत लक्ष द्यावं लागतं. तेवढा वेळ निघून जातो."

"मला का नाही सांगितलं?"

"तिनेच सांगू दिलं नाही. म्हणाली, जुईच्या डोळ्यांत मी हसणारी मावशी आहे, तेवढं एक राहू द्या."

जुईली आत गेली. मावशीची मूठ तशीच होती. जुईलीने स्टूल उभं केलं, बसली आणि म्हणायला लागली. आता ती मावशीच्या चुका काढत नव्हती. मावशी म्हणतही नव्हती, फक्त ऐकत होती, आणि प्रत्येक शब्दाला श्वास टेकत होती. दहा पाऊण साडेसात. अकरा पाऊण सव्वाआठ. बारा पाऊण नऊ.

मग पुढचं आलं नाही.

तेरा पाहुणे आणि पाऊण-पाऊण पोळी. एकोणचाळीस तुकडे. त्यांच्या पोळ्या किती? डोक्यात तुकडेच तुकडे झाले. ती पुन्हा एकपासून सुरू झाली. पण चार पाऊण तीनला तिचा आवाज चिरकला, आणि मावशीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत आता दुखण्याच्या जोडीला जुईलीची काळजीही आली होती. मावशी तिला हसून दाखवायचा प्रयत्न करत होती. ते हसू ओठांपर्यंत पोचत नव्हतं.

जुईलीला दिसलं की ती इथे बसली आहे तोवर मावशीला दोन कामं आहेत. दुखणं सोसायचं आणि ते लपवायचं. हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही. तुम्हालाही कुणी सांगितलं नसतं, तरी ते हसू पाहून समजलं असतं.

हीच ती जागा होती, जिच्यासाठी तिने पोळ्या मोडल्या होत्या. हेच स्टूल. ती उठली असती, तर ती जागा पुन्हा दुसऱ्या कुणाची तरी झाली असती, आणि जुईलीला ते अजूनही सहन होत नव्हतं. खरं सांगतो, अजिबात होत नव्हतं.

ती उठली.

चपला घालायच्याही राहिल्या. अंगण तापून तव्यासारखं झालं होतं. रस्ता ओलांडून ती ताहेरभाईंच्या दारात पोचली तेव्हा लुबना आतल्या बाजूला कापसाच्या ढिगाशी बसून सरकी वेचत होती. तिने वर पाहिलं, पण उठली नाही.

"चल," जुईली म्हणाली.

"बाईंनी नको म्हटलं ना."

"मावशीने नाही म्हटलं. मी म्हटलं. ते मी मनानेच सांगितलं तुला."

लुबनाने पुन्हा सरकी वेचायला घेतली.

"मावशीचा अंगठा मुठीत गेलाय," जुईली म्हणाली. "गोळी दिली बापूंनी, पण उशिरा दिली. मला बारापर्यंतच येतं."

लुबनाच्या मांडीवरचा कापूस खाली पडला. ती उठली आणि रस्त्यापलीकडे धावत सुटली. फाटक आज तिने लावलं नाही. चपलाही जोडून ठेवल्या नाहीत.

जुईली मागून आली तेव्हा लुबना स्टुलावर बसलेली होती. "बाई, मी आली," एवढंच ती म्हणाली होती. मावशीच्या तोंडावरचं ते ओढून आणलेलं हसू गेलं होतं. तिने आता कण्हायला सुरुवात केली होती, मोकळेपणाने, आणि पलंगाची कड सोडून लुबनाचं मनगट धरलं होतं. ते मनगट लुबनाने तसंच राहू दिलं, आणि त्या कण्हण्याच्या वरून, संथपणे, जराही घाई न करता ती म्हणाली, "एक पाऊण पाऊण."

"दोन पाऊण," मावशी म्हणाली, आणि मोठा श्वास घेऊन, "दीड."

मावशीची बोटं लुबनाच्या हातावर पाहून जुईलीच्या छातीत पुन्हा ते चरचरलं. गेलं नव्हतंच ते. लुबनाने मान न वळवता दुसऱ्या हाताने दाराकडे खूण केली. दार लावून घे, अशी ती खूण होती.

जुईलीने दार लावून घेतलं. पण ती गच्चीवर गेली नाही. ती बाहेरच्या खोलीत बापूसाहेबांच्या पायाशी जमिनीवर बसली, जिथून हाक आली तर त्यांना लगेच हलवता येईल. आतून दोन आवाज येत होते, बारा ओलांडून पुढे जात होते. जुईलीने गुडघ्यांवर हनुवटी टेकवली आणि आवाज न करता, नुसते ओठ हलवत, त्या दोघींच्या मागोमाग ती म्हणायला लागली. तेरा पाऊण पावणेदहा. चौदा पाऊण साडेदहा.